ओडब्ल्यूएसचा पीपीएम खाली येत नाही? आधी टाकीतलं पाणी बघा

दर थोड्या दिवसांनी जहाजावरच्या कुठल्यातरी पोराचा मेसेज येतो, सर ओडब्ल्यूएस चालत नाहीये, पीपीएम २८ च्या खालीच येत नाही, कोअलेसर बदलला, ओसीएम साफ केला, बडा साब ओरडतोय, काय करू. मी एकच विचारतो, टाकीतलं पाणी बाटलीत काढून बघितलंस का? मग तिकडून शांतता. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतोय. नवख्यांसाठी: ओडब्ल्यूएस म्हणजे बिल्जच्या (इंजिन रूमच्या तळाशी साठणाऱ्या तेलकट) पाण्यातून तेल वेगळं करणारं मशीन, पीपीएम म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तेलाचे किती भाग (१५ च्या आत असेल तरच बाहेर सोडता येतं), कोअलेसर म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकत्र करणारा फिल्टर, ओसीएम म्हणजे पीपीएम मोजणारा मीटर, बडा साब म्हणजे चीफ इंजिनियर. माझं म्हणणं सरळ आहे, बिघाड बहुतेक वेळा ओडब्ल्यूएसमध्ये नसतोच, आपण त्याला जे पाणी पाजतो त्यात असतो, आणि ते पाणी बिघडलेलं असतं चार दिवस आधी.

हे मशिनरी स्पेसच्या बिल्जबद्दल आहे, म्हणजे ४०० जीटी (ग्रॉस टनेज) आणि वरची जहाजं, जहाजांच्या प्रदूषणावरच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचा अॅनेक्स १. टँकरच्या कार्गो पंपरूमचं बिल्ज इंजिन रूमच्या ओडब्ल्यूएसमधून बाहेर टाकायचं नाही, ते स्लॉप टँकमध्ये (कार्गोच्या तेलकट पाण्याची टाकी) जातं आणि पुढे ओडीएमईच्या (टँकरच्या अशा पाण्यातलं तेल मोजणारी यंत्रणा) वेगळ्या नियमांनी. हे दोन पाणी मिसळले की ओडब्ल्यूएसचा विषयच संपला. रिग आणि प्लॅटफॉर्मवाल्यांसाठी खाली एक भाग वेगळा दिलाय.

१. बिल्जमध्ये काय जातंय ते आधी बंद करा

तेलाचा थेंब पाण्यातून वर येतो तो हलका असतो म्हणून, पण किती वेळात येतो ते थेंबाच्या आकारावर ठरतं. थेंब दहापट बारीक झाला की वर यायचा वेग शंभरपट कमी होतो. १५० मायक्रॉनचा थेंब शांत पाण्यात एक मीटर वर यायला साधारण पाव तास घेतो, तोच १५ मायक्रॉनचा असेल तर जवळजवळ एक दिवस. आता विचार करा, आपण साबण टाकून, सेंट्रिफ्युगल पंपाने घुसळून त्या थेंबाचा चुरा केला तर तो ओडब्ल्यूएसमधल्या काही मिनिटांत वर कसा येणार. ताक घुसळून झाल्यावर परत दही द्या म्हणण्यासारखं आहे ते.

बिल्जमध्ये जाऊ नयेत अशा गोष्टी, आणि या सगळ्या मी स्वतः जाताना बघितल्यात:

टँक टॉप (इंजिन रूमचा सगळ्यात खालचा तळ) धुवायचं डिटर्जंट. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी हमखास होतं, टँक टॉप चकाचक आणि टाकीत दुधासारखं पाणी. धुवायचंच असेल तर क्विक सेपरेटिंग प्रकारचं केमिकल वापरा, आणि ड्रमवर दिलंय तेवढंच, दुप्पट टाकलं म्हणून दुप्पट स्वच्छ होत नाही.

इकॉनॉमायझर (इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर चालणारा बॉयलर) वॉशिंगचं पाणी. यातली काजळी इतकी बारीक असते की ती ना खाली बसते ना वर येते, कोअलेसरमध्ये जाऊन अडकते आणि ओसीएमला ती तेलच वाटते. हे पाणी वेगळ्या टाकीत घ्या, बिल्ज होल्डिंगमध्ये अजिबात नको. एकदा गेलं की अख्खी टाकी किनाऱ्यावर द्यायची वेळ येते.

बॉयलरचं ट्रीटमेंट केमिकल, जॅकेट वॉटरमधलं नायट्राइट, कार्बन रिमूव्हरची बादली, एअर कूलर धुतलेलं केमिकल. फिटर बिचारा काम झालं की बादली सगळ्यात जवळच्या बिल्ज वेलमध्ये (तळातल्या पाणी साठायच्या खड्ड्यात) ओततो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला सांगणं तुमचं काम.

एसीचं आणि स्टारबोर्ड-पोर्टच्या एअर कूलरचं कंडेन्सेट हे स्वच्छ पाणी आहे, पण ते तेलकट बिल्जमध्ये सोडलं की तेही तेलकट झालं. दमट हवेत एअर कूलरमधून दिवसाला कित्येक घनमीटर पाणी निघतं. नवीन जहाजांवर आयबीटीएस नावाची व्यवस्था असते, त्यात स्वच्छ ड्रेन आणि तेलकट ड्रेन मुळातच वेगळ्या टाक्यांत जातात. तुमच्या जहाजावर ती असेल तर त्याचा ड्रॉइंग काढून लाइन ट्रेस करा, कारण कोणीतरी मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवलेला असतोच.

चेक: रोज सकाळी राउंडला प्रत्येक बिल्ज वेलमध्ये टॉर्च मारून रंग बघा. काळं तेल असेल तर प्युरिफायर किंवा फ्युएल पंपाकडे जा, पांढरट असेल तर कोणीतरी साबण वापरलाय, आणि खारट स्वच्छ पाणी भरभर वाढत असेल तर सी वॉटर पंपाचं सील गेलंय, तिथे ओडब्ल्यूएस चालवत बसण्यापेक्षा सील बदला.

२. टाकी तापू द्या, स्थिर राहू द्या

ज्या दिवशी ओडब्ल्यूएस चालवायचा त्याच दिवशी सकाळी सगळे वेल होल्डिंग टाकीत ट्रान्सफर करायचे आणि दुपारी सुरू करायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. ट्रान्सफर म्हणजे घुसळणं. शेवटचा ट्रान्सफर झाल्यावर कमीत कमी २४ तास टाकी शांत ठेवा, दोन दिवस मिळाले तर उत्तम. पंप निवडता येत असेल तर पिस्टन किंवा स्क्रू पंप घ्या, मोठा बिल्ज-बॅलास्ट सेंट्रिफ्युगल पंप नको.

टाकीला हीटिंग कॉइल असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टेंपरेचरपर्यंत हळूहळू गरम करा, तेल पातळ होतं आणि लवकर सुटतं. पण खूप गरम केलंत तर आतल्या आत पाणी फिरायला लागतं आणि बसलेलं सगळं परत उठतं. चालवायच्या आधी काही तास स्टीम बंद केलेली बरी.

मग वरचं तेल काढा. टाकीला स्किमिंगची किंवा प्रायमरी टाकीची सोय असेल तर वरचा थर स्लज (टाकाऊ तेलाच्या) टाकीत घ्या. पुष्कळ जहाजांवर ही लाइन वर्षानुवर्षं कोणी वापरलेली नसते, व्हॉल्व्ह जाम झालेला असतो. तो सोडवा. दरवेळी तेलाचा थर टाकीतच राहिला तर तो जाड होत जातो आणि शेवटी सक्शनपर्यंत उतरतो.

थर किती जाड आहे हे कसं कळणार? साउंडिंग टेपला (टाकीतली पातळी मोजायची टेप) वॉटर फाइंडिंग पेस्ट लावायची, जिथपर्यंत पाणी आहे तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो, त्याच्या वर तेल. एकूण साउंडिंग १.६० आणि रंग बदलला १.३५ ला, म्हणजे वर २५ सेंटीमीटर तेल किंवा लोण्यासारखं घट्ट झालेलं तेल-पाणी. दोन मिनिटांचं काम आहे, लोक का करत नाहीत मला कळत नाही.

सावधान: जहाज जोरात रोल होत असेल तर थांबा. टाकीत तेल-पाणी हिंदकळत असताना सेटलिंगला काही अर्थ उरत नाही आणि ओडब्ल्यूएसच्या आतसुद्धा तेच चाललेलं असतं. पावसाळ्यात अरबी समुद्रात हे किती दिवस पुढे ढकलावं लागतं ते त्या लाइनवर असलेल्यांना सांगायला नको, म्हणून मे महिन्यातच टाक्या खाली करून ठेवा.

३. बाटली टेस्ट

ही पायरी वगळायची नाही. टाकीच्या सॅम्पल कॉकमधून, किंवा ओडब्ल्यूएसच्या इनलेटच्या कॉकमधून, आधी थोडं पाणी वाया जाऊ द्या, मग काचेच्या स्वच्छ बाटलीत भरा, उजेडात अर्धा तास ठेवा.

वर पातळ तेल, खाली जवळजवळ नितळ पाणी, तळाला थोडा गाळ असं दिसलं तर चालवा. मधलं पाणी करड्या चहासारखं, अर्ध्या तासानंतरही तसंच असेल तर ते इमल्शन आहे, म्हणजे तेल-पाणी एकजीव झालंय, आज चालवू नका, अजून बसू द्या, गरम करा. पाणी काळं आणि खाली काहीच बसत नसेल तर काजळी. लालसर पण पारदर्शक असेल तर गंज, याची गोष्ट पुढे येते.

माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मी चार साब (फोर्थ इंजिनियर) होतो, दोन दिवस ओडब्ल्यूएसशी झटापट करून कोअलेसरचा एक पूर्ण सेट वाया घालवला होता. बडा साब खाली आला, म्हणाला बाटली आण. मी गॅलीतून लोणच्याची रिकामी बरणी आणली, सॅम्पल भरलं, अर्ध्या तासाने वर छान पिवळा थर. मी म्हटलं बघा सर, तेल सुटतंय. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. कैरीचं लोणचं. बरणी धुतलीच नव्हती. खालचं पाणी मात्र ताकासारखं पांढरं होतं, आणि चौकशी केल्यावर कळलं की आठवड्यापूर्वी कोणीतरी उरलेला डिटर्जंटचा अर्धा ड्रम बिल्जमध्ये रिकामा केला होता. तर बाटली स्वच्छ घ्या, एवढंच.

४. परवानगी आणि पोझिशन

इंजिन रूममध्ये बसून आपण ठरवायचं नाही. चीफची लेखी परवानगी, ब्रिजवरून पोझिशन, आणि ब्रिजकडून हे स्पष्ट विचारा की पुढचे तीन-चार तास जहाज कुठून जाणार आहे. नियमात चार गोष्टी आहेत: जहाज प्रवासात पाहिजे, पाणी ओडब्ल्यूएसमधूनच गेलं पाहिजे, पातळ न करता तेल १५ पीपीएमच्या आत पाहिजे, आणि टँकर असेल तर कार्गोचं काही मिसळलेलं नको. अँकरवर उभं राहून चालवायचं नाही, ड्रिफ्टिंगला पण नको, त्यावरून वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

इथे दोन गैरसमज आहेत. एक, १२ मैलांचा नियम मारपोलमध्ये आहे असं पुष्कळ जण ओरल्सला (तोंडी परीक्षेत) ठोकून देतात, इंजिन रूम बिल्जसाठी आजच्या अॅनेक्स १ मध्ये असं अंतर दिलेलं नाही. ते तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं किंवा त्या त्या देशाच्या कायद्यात, आणि ते पाळायचंच, फक्त कुठून आलंय ते माहीत पाहिजे. दुसरं, स्पेशल एरियात पूर्ण बंदी असते असं वाटतं. भूमध्य समुद्र, गल्फ यांसारख्या स्पेशल एरियात १५ पीपीएम इक्विपमेंटला अलार्म आणि आपोआप बंद होणारी सोय असेल तर परवानगी आहे. पूर्ण बंदी अंटार्क्टिकमध्ये, आणि १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोडनुसार आर्क्टिकच्या पाण्यात. पण कंपनी नाही म्हणत असेल तर नाही.

दिवसा चालवा. रात्री ओव्हरबोर्डकडे (पाणी समुद्रात पडतं तिकडे) बघून काही कळत नाही, आणि पाण्यावर चट्टा दिसला तर लगेच थांबवणं ही पण तुमचीच जबाबदारी.

५. ओडब्ल्यूएस तयार करणे

अ) सक्शन स्ट्रेनर उघडा. त्यात कॉटन वेस्ट, पेंटचे पापुद्रे, केबल टाय आणि एखादा नट निघतो. स्ट्रेनर चोक असेल तर पंप हवा ओढतो, आणि हवेचे बुडबुडे पुढे ओसीएमला तेल वाटतात.

आ) ओडब्ल्यूएस पूर्ण स्वच्छ पाण्याने भरा, वरच्या व्हेंटमधून एकसारखं पाणी येईपर्यंत. रिकाम्या किंवा अर्ध्या ओडब्ल्यूएसमध्ये थेट बिल्जचं पाणी घेतलं तर पहिलं तेल सरळ प्लेट्सना आणि कोअलेसरला चिकटतं, तिथे तुमचा सेट गेला.

इ) हीटर असेल तर भरल्यावरच ऑन करा, आधी नाही, एलिमेंट जळतं.

ई) वरच्या डोममधल्या टेस्ट कॉकमधून बघा, आधीचं साठलेलं तेल आहे का. ऑइल प्रोबची (तेल ओळखणारा सेन्सर) टेस्ट करा, तेल दाखवलं की तेल सोडायचा व्हॉल्व्ह उघडतो का, पाण्यात परत बंद होतो का. त्या सोलेनॉइडची कंट्रोल एअर बंद असते आणि लोक प्रोब बदलत बसतात.

उ) पुष्कळ मशिनमध्ये पंप ओडब्ल्यूएसच्या नंतर असतो आणि पाणी ओढून घेतो, तेल घुसळलं जाऊ नये म्हणून. अशा ठिकाणी आतमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे एखादा ढिला जॉइंट पाणी गळत नाही, उलट हवा आत घेतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. व्हॅक्यूम गेज नेहमीपेक्षा कमी असेल तर प्रत्येक जॉइंटला ग्रीस फासून बघा.

६. ओसीएमची खात्री

ओसीएम उजेडावर चालतो. काचेच्या नळीतून लाइट जातो, तेलाच्या थेंबांनी विखुरतो, त्यावरून पीपीएम. त्याला तेल, गंज, काजळी आणि बुडबुडा यातला फरक नीट कळेलच असं नाही. म्हणून:

काचेची नळी दिलेल्या ब्रशने साफ करा, दरवेळी. स्वच्छ गोड्या पाण्यावर रीडिंग शून्याच्या आसपास यायला पाहिजे. मग अलार्म सिम्युलेट करा आणि थ्री-वे व्हॉल्व्हकडे (पाणी समुद्राऐवजी परत टाकीत वळवणारा) स्वतः जाऊन डोळ्याने बघा की तो खरंच फिरतोय. पॅनलवर दिवा लागला म्हणजे व्हॉल्व्ह हलला असं नाही. २००५ नंतर बसवलेल्या सिस्टिममध्ये पीपीएम वाढल्यापासून ओव्हरबोर्ड बंद व्हायला २० सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये, घड्याळ लावून मोजा.

ओसीएमची मेमरी १८ महिन्यांची तारीख, वेळ, अलार्म आणि ऑपरेटिंग स्टेटस साठवून ठेवते. पोर्ट स्टेटवाला (त्या बंदराच्या देशाचा इन्स्पेक्टर) ती काढून ऑइल रेकॉर्ड बुकशी (जहाजावरची तेलाच्या नोंदींची वही) लावून बघतो. ओसीएमचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर त्याला ते वीस मिनिटांचं खोटं वाटतं. घड्याळ नीट लावा, आणि बुकमध्ये वेळ कोणत्या घड्याळाने लिहिताय ते एकच ठेवा.

सावधान: सॅम्पल लाइनला फ्लशिंगचं गोडं पाणी सुरू ठेवून पीपीएम खाली आणणे हा जुगाड नाही, गुन्हा आहे. फ्लशिंग चालू असताना ओव्हरबोर्ड बंद पाहिजे. पाइप फिरवून ओडब्ल्यूएस बायपास करणं तर विचारूच नका. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रिन्सेस क्रूझ लाइन्सने अशाच मॅजिक पाइपच्या प्रकरणात ४ कोटी डॉलरचा दंड कबूल केला, आणि ते बाहेर काढलं होतं नव्यानेच जहाजावर आलेल्या एका इंजिनियरने. इन्स्पेक्टर फ्लँजच्या बोल्टवरचा पेंट बघतो. सगळे बोल्ट रंगवलेले आणि एकाच फ्लँजचे चार बोल्ट चकचकीत असतील तर तो तिथेच थांबतो.

७. सुरू करणे

आधी साउंडिंग घ्या आणि लिहा. ओव्हरबोर्ड बंद ठेवून १० ते १५ मिनिटं रीसर्क्युलेशनवर चालवा, म्हणजे पाणी परत टाकीत. पीपीएम स्थिर होऊन १५ च्या बराच खाली, समजा ५-६ वर टेकला की मग ब्रिजला फोन करा. वेळ आणि पोझिशन घ्या, ओव्हरबोर्डचं सील तोडा, सीलचा नंबर लिहून ठेवा, व्हॉल्व्ह उघडा.

मशीनवर दोन घनमीटर प्रति तास लिहिलंय म्हणून दोननेच चालवायला पाहिजे असं नाही. फ्लो कमी करता येत असेल तर करा. पाणी आत जास्त वेळ राहिलं तर थेंबाला वर यायला वेळ मिळतो, एवढं साधं आहे ते.

पहिला तासभर तिथून हलू नका. नंतरही ऑइलरला उभं करून जेवायला जायचं नाही, गेलातच तर बंद करून जा.

चालू असताना काय बघायचं: पीपीएम, व्हॅक्यूम किंवा प्रेशर, कोअलेसरच्या आधीचं-नंतरचं प्रेशर, आणि तेल सोडणारा व्हॉल्व्ह किती वेळा उघडतोय. तो दर दोन मिनिटांनी उघडायला लागला की समजा सक्शन तेलाच्या थरापर्यंत पोचलंय. तिथे थांबा. टाकी पूर्ण खाली करायचा हट्ट करू नका, वरचा तेलाचा थर पाण्याबरोबर खाली उतरत असतो, तळाशी ३०-४० सेंटीमीटर राहू द्या. सगळं व्यवस्थित चाललं असताना शेवटच्या अर्ध्या तासात कोअलेसरची वाट लागते ती इथेच.

८. पीपीएम वर गेला तर, क्रमाने

लोक पहिल्यांदा कोअलेसर बदलतात कारण तो बदलता येतो. तो सगळ्यात शेवटी.

पहिलं, ओव्हरबोर्ड बंद आणि संपूर्ण ओडब्ल्यूएसमधून फक्त स्वच्छ पाणी अर्धा तास चालवा. पीपीएम शून्याकडे आला तर मशीन ठीक आहे, दोष टाकीतल्या पाण्याचा. परत पायरी २.

स्वच्छ पाण्यावरही रीडिंग जास्त, तर ओसीएमला थेट गोडं पाणी द्या. तरीही जास्त असेल तर नळी घाण, ओलसर झालेली, किंवा सेल खराब. थेट पाण्यावर शून्य पण ओडब्ल्यूएसमधून आलं की जास्त, तर आत प्लेट्स किंवा कोअलेसर तेलाने माखलेत.

दुसरं, तीन बाटल्या: टाकीतलं, पहिल्या स्टेजनंतरचं, दुसऱ्या स्टेजनंतरचं. शेजारी ठेवा. पहिल्या दोन सारख्याच दिसत असतील तर पहिली स्टेज काम करत नाहीये, उघडून साफ करा. तिसरी डोळ्याला नितळ दिसते आणि ओसीएम तरी २० दाखवतो, तर गंज किंवा हवा. गंजाचं पाणी बाटलीत तासाभराने तळाला तांबडी रेघ सोडतं, तेल सहसा तळाला जात नाही. हवेचे बुडबुडे बाटलीत एका मिनिटात निघून जातात.

मग कोअलेसर. बदलताना हाउसिंग आतून पुसा, ओ-रिंग नवीन टाका, जुनी ओ-रिंग वाकडी बसली तर पाणी फिल्टरला वळसा घालून जातं आणि नवा फिल्टरही निकामी वाटतो. मेकरने धुवायला सांगितलं नसेल तर डिटर्जंटने धुऊन परत वापरू नका. काढलेला कोअलेसर गार्बेज रेकॉर्ड बुकमध्ये.

खरंच बिघडला असेल तर चीफला, कंपनीला कळवा, ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये एफ कोडखाली बंद पडल्याची वेळ आणि कारण लिहा, पाणी जहाजावरच ठेवा आणि पुढच्या पोर्टला रिसेप्शन फॅसिलिटीला (असं पाणी घेणाऱ्या किनाऱ्यावरच्या सोयीला) द्या. त्यासाठीची स्टँडर्ड डिस्चार्ज फ्लँज सगळीकडे एकसारखी असते, बाहेरचा व्यास २१५ मिलिमीटर, बोल्ट सर्कल १८३, सहा बोल्ट २० मिलिमीटरचे. ती, गॅस्केट आणि बोल्ट आधीच काढून ठेवा, बार्ज बाजूला लागल्यावर शोधू नका.

९. बंद करणे

ओव्हरबोर्ड आधी बंद. मग १५ ते ३० मिनिटं स्वच्छ पाण्याने फ्लश, रीसर्क्युलेशनवर. ओडब्ल्यूएस स्वच्छ पाण्याने भरलेलाच ठेवा, बिल्जचं पाणी आत ठेवून महिनाभर सोडलं तर आत जंतू वाढतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्लेट्सवर चिकट थर बसतो. ओसीएमची नळी फ्लश करा. हीटर बंद. नवीन सील, नवीन नंबर. ब्रिजकडून वेळ आणि पोझिशन. साउंडिंग.

प्लॅटफॉर्म आणि रिगवर काम करणाऱ्यांसाठी

मुंबई हायला असलेले बरेच जण विचारतात हेच आम्हाला लागू का. मशिनरी स्पेसच्या पाण्याला हो, तिथेही १५ पीपीएम. पण विहिरीतून तेलाबरोबर येणारं प्रोड्युस्ड वॉटर मारपोलमध्ये येत नाही, ते त्या देशाच्या नियमात. आपल्याकडे ऑफशोअरला ९५ टक्के वेळा ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत आणि कधीही १०० च्या वर नाही, पातळ न करता. उत्तर समुद्रात ओस्पार या तिथल्या देशांच्या कराराची मर्यादा ३० आहे.

मशीन वेगळी असली तरी चुका त्याच. तिथे हायड्रोसायक्लोन असतो, पाणी गोल फिरवून तेल मधोमध आणतो, आणि नंतर बहुतेक ठिकाणी गॅस फ्लोटेशन (गॅसच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर आणणं). हायड्रोसायक्लोनला ठरावीक प्रेशर आणि फ्लो लागतो, फ्लो कमी झाला की फिरणंच मंदावतं, म्हणून उत्पादन कमी असेल तेव्हा काही लायनर (त्याच्या आतल्या नळ्या) ब्लँक म्हणजे बंद करावे लागतात. अर्धवट उघडा कंट्रोल व्हॉल्व्ह थेंबाचा चुरा करतो, तो हायड्रोसायक्लोनच्या आधी नको, नंतर ठेवा. आणि केमिकलचा डोस वाढवत जाणं म्हणजे आमचा तो डिटर्जंटचा ड्रम, एका हद्दीनंतर तेच केमिकल इमल्शन पक्कं करतं. डोस बदलायच्या आधी इथेही बाटल्या भरा, वेगवेगळ्या डोसच्या, आणि शेजारी ठेवून बघा.

१०. ऑइल रेकॉर्ड बुक

हे लगेच लिहा, वॉच संपल्यावर नाही. डी कोड, साधारण असं:

डी १३: ४.२ घनमीटर, बिल्ज होल्डिंग टाकीतून, टाकीची क्षमता १८.५ घनमीटर, शिल्लक ६.१ घनमीटर
डी १४: सुरू ०९:१०, बंद १२:००
डी १५.१: १५ पीपीएम इक्विपमेंटमधून ओव्हरबोर्ड, सुरुवातीची पोझिशन, शेवटची पोझिशन

आता हिशोब करून बघा. ०९:१० ते १२:०० म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं. ओडब्ल्यूएस तासाला दोन घनमीटरचा असेल तर जास्तीत जास्त साडेपाचच्या थोडं वर जाऊ शकतं, ४.२ बसतं. तिथे कोणी ८ लिहिलं असेल तर मशीनच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी गेलं असा त्याचा अर्थ होतो, आणि इन्स्पेक्टर पहिल्यांदा हाच भागाकार करतो. अलार्म येऊन पाणी मधे रीसर्क्युलेट झालं असेल तर तो वेळ पण धरा. आधीच्या एंट्रीमधलं शिल्लक अधिक नंतर आलेलं पाणी वजा आज सोडलेलं, हे आजच्या साउंडिंगशी जुळलं पाहिजे. टाकीचं नाव आणि क्षमता आयओपीपीच्या (जहाजाचं तेल प्रदूषण प्रतिबंध सर्टिफिकेट) सप्लिमेंटमध्ये जशी आहे तशीच, आपल्या मनाने छोटं नाव नाही.

सील तोडलं आणि लावलं ते आय कोडखाली, नंबरसकट. स्लज टाक्यांचा आठवड्याचा हिशोब सी ११ मध्ये. चूक झाली तर एका रेषेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे, सही करा, मग बरोबर लिहा. व्हाइटनर नको, पान फाडणं नको, मधे रिकामी ओळ नको. प्रत्येक एंट्रीखाली ऑपरेशन करणाऱ्याची सही, पान भरलं की कॅप्टनची. शेवटच्या एंट्रीनंतर तीन वर्षं बुक जहाजावर राहतं.

हँडओव्हर नोट्समध्ये तुमच्यानंतर येणाऱ्याला एवढं तरी लिहून जा: कोअलेसर कधी बदलला, किती तास चाललाय, किती स्पेअर आहेत, कुठला सक्शन व्हॉल्व्ह पास करतोय (बंद असूनही गळतोय), टाकीत तेलाचा थर आत्ता किती आहे, आणि इकॉनॉमायझर धुतल्याचं पाणी कुठल्या टाकीत ठेवलंय.